कबुली आणि घड्याळ : कॉन्फेट खटल्यातली तीन मुलं



आज आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. ज्यानं खून केलेलाच नाही, तो माणूस ‘खून मी केला’ असं का म्हणेल? हा प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर बहुतेक वेळा एकच येतं : ‘पोलिसांनी मारलं असेल.’ आपल्याकडे हे उत्तर तोंडपाठ आहे. थर्ड डिग्री, पट्टा, उलटं टांगणं, हे सगळं सिनेमांनी आपल्या डोळ्यांसमोर आणून ठेवलंय. पण मग पुढचा प्रश्न विचारला की माणसं जरा थांबतात. समजा, फारसा मार नाही, टांगणं नाही, उपासमार नाही. एक खोली, एक टेबल, दोन-तीन अधिकारी आणि काही तासांचे प्रश्न. एवढ्यावर पंधरा वर्षांचं पोर खुनाची कबुली देईल? आणि दिलीच, तर पुढं डॉक्टर आहेत, वकील आहेत, न्यायाधीश आहेत, ज्युरी आहे. इतक्या शहाण्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात येऊ नये की ही कबुली खोटी आहे?

आजच्या व्याख्यानाचा खरा विषय हा दुसरा प्रश्न आहे. खोटी कबुली कशी घेतली जाते यापेक्षा ती टिकते कशी, हे आपण पाहणार आहोत. त्यासाठी लंडनमधला १९७२ सालचा एक खटला आम्ही निवडला आहे. इतिहासात तो ‘कॉन्फेट खटला’ म्हणून ओळखला जातो. इंग्लंडमधला पोलीस चौकशीचा आजचा कायदा ज्या घटनांतून जन्माला आला, त्यातली ही एक मोठी घटना. शेवटी आपण थोडं आपल्याकडेही वळू, कारण इंग्रजांनी कबुलीजबाबाविषयी इथे जो कायदा केला, त्याचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या खटल्यात अडकलेल्या तीन मुलांची नावं अहवालांत आणि पुस्तकांत आहेत. आम्ही ती इथे घेणार नाही. त्यांना आपण थोरला, मधला आणि धाकटा म्हणू. ते भाऊ नव्हते, एकाच भागात राहणारी ओळखीची मुलं होती. थोरला १८ वर्षांचा, मधला १५ चा, धाकटा १४ चा.

ती रात्र आणि तो सोमवार

आग्नेय लंडनमध्ये कॅटफर्ड नावाचं उपनगर आहे. २२ एप्रिल १९७२ च्या पहाटे, रात्रीचा एक वाजून गेल्यावर, तिथल्या डॉगेट रोडवरच्या एका घराला आग लागल्याची वर्दी अग्निशमन दलाला मिळाली. जवान आत शिरले. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत त्यांना मॅक्सवेल कॉन्फेट यांचा मृतदेह सापडला. वय २६. सेशेल्स बेटांवर जन्मलेले, अनेकदा स्त्रीवेशात वावरणारे. मृत्यू आगीनं झालेला नव्हता. त्यांचा गळा आवळला होता.

पुढच्या दोन दिवसांत त्याच परिसरात आणखी काही किरकोळ आगी लागल्या. २४ एप्रिलला, म्हणजे सोमवारी, त्या आगींच्या संशयावरून पोलिसांनी थोरल्याला हटकलं. त्याच्याकडून बाकीच्या दोघांची नावं आली. तिघांना ठाण्यात आणलं. चौकशी सुरू झाली ती किरकोळ आगींबद्दल, आणि ती डॉगेट रोडच्या घरापर्यंत जाऊन पोचली. घर आलं म्हणजे मृतदेहही आला. थोरल्यानं आणि मधल्यानं खुनाची कबुली दिली. धाकटा म्हणाला, मी तिथे होतो, मी पाहिलं.

आता या तिघांकडे नीट बघा. थोरला वयानं १८ चा होता, पण लहानपणापासून मतिमंद. त्याची मानसिक वाढ साधारण आठ वर्षांच्या मुलाइतकी असल्याचं डॉक्टरांचं मत होतं. समोरचा मोठा माणूस जे म्हणेल त्याला ‘हो’ म्हणायची त्याला सवय होती. मधल्याची बुद्धीही बेताचीच. धाकटा तुर्की सायप्रियट कुटुंबातला, जेमतेम चौदाचा. त्या काळी इंग्लंडमध्ये पोलिसांसाठी ‘जजेस रूल्स’ नावाची नियमावली होती. न्यायाधीशांनी १९१२ साली घालून दिलेली, १९६४ मध्ये सुधारलेली. तिच्यासोबतच्या सूचनांत लिहिलं होतं की लहान मुलांची चौकशी शक्य तोवर आईवडिलांच्या किंवा पालकांच्या समोरच करावी. इथे काय झालं? प्रश्न विचारले गेले तेव्हा तिघांपैकी कुणाचेही पालक खोलीत नव्हते. वकील तर नव्हतेच. पालक आले ते नंतर, कबुली तोंडातून निघून गेल्यावर, जबाब लेखी करताना. म्हणजे सही करताना आईबाप हजर, बोलताना गैरहजर. कागद पाहणाऱ्याला मात्र सगळं रीतसर दिसणार.

थोरल्यानं पुढं कोर्टात सांगितलं की आपल्याला ठाण्यात मारलं. पोलिसांनी ते नाकारलं. तो वाद आपण बाजूला ठेवू. मारलं नव्हतं असं क्षणभर धरून चाललो, तरी पुढची गोष्ट बदलत नाही.

घड्याळ काय सांगत होतं

कबुलीत काय होतं? मुलं घरात शिरली, कॉन्फेट यांचा गळा आवळला आणि मग लगेच आग लावली. आग लागली रात्री एकच्या सुमाराला. म्हणजे कबुली खरी धरली तर खून मध्यरात्रीनंतरचा.

पण त्या पहाटे घटनास्थळी आलेल्या पोलिसांच्या डॉक्टरांनी आणि नंतर शवविच्छेदन करणाऱ्या तज्ज्ञांनी मृतदेह पाहून सांगितलं होतं की मृत्यू आदल्या संध्याकाळी, रात्री दहा-साडेदहाच्या आतच झालेला असावा. याचा आधार होता मृत्यूनंतर शरीराला येणारा ताठरपणा. वैद्यकात त्याला रायगर मॉर्टिस म्हणतात. तो किती आलाय, यावरून डॉक्टर वेळेचा अंदाज बांधतात. शरीराच्या आतलं तापमान घेतलं असतं तर अंदाज आणखी पक्का झाला असता, पण ते घेतलंच गेलं नाही. तरीही दोन डॉक्टर एकमेकांच्या जवळपास येणारी वेळ सांगत होते, आणि ती वेळ कबुलीशी जुळत नव्हती.

त्या संध्याकाळी थोरला होता कुठे? साल्व्हेशन आर्मीच्या युवक मंडळात. रात्री साडेअकराच्या आसपास तो तिथून निघाला. त्याला तिथे पाहणारे साक्षीदार होते. म्हणजे डॉक्टर बरोबर असतील, तर खून झाला त्या वेळी थोरला चारचौघांत बसलेला होता.

श्रोतेहो, इथे सगळं थांबायला हवं होतं. एकीकडे आठ वर्षांच्या मुलाची समज असलेल्या पोराचं बोलणं, दुसरीकडे दोन डॉक्टर आणि साक्षीदार. कुणाची बाजू जड? आपण म्हणू, अर्थातच दुसरी. प्रत्यक्षात उलटं झालं. कबुली जागच्या जागी राहिली आणि घड्याळ सरकवलं गेलं. नोव्हेंबर १९७२ मध्ये ओल्ड बेली न्यायालयात खटला चालला तेव्हा सरकारपक्षानं मांडलं की आगीच्या उष्णतेमुळे शरीर लवकर ताठरलं असणार, म्हणून डॉक्टरांना वाटली त्यापेक्षा मृत्यूची वेळ पुढची असू शकते. डॉक्टरांनीही साक्षीत ती शक्यता मान्य केली. संध्याकाळ ताणत ताणत रात्री एकपर्यंत आणली. आपल्याकडे म्हणतात ना, आधी कळस मग पाया. पुराव्यावरून निष्कर्ष काढायचा असतो. इथे निष्कर्ष हातात होता आणि त्याच्या मापानं पुरावा कापला जात होता.

यात कुणी बसून कट रचला होता असं म्हणायची गरज नाही. कबुलीचा स्वभावच असा असतो. ती हातात आली की तपास करणाऱ्याचं डोकं शांत होतं. दुसरा संशयित शोधायला नको, न जुळणारे धागे सोडवायला नकोत. जे जुळत नाही ते ‘मुलं गोंधळली असतील’ म्हणून बाजूला पडतं. सरकारी वकिलाला कबुलीसकट तयार फाइल मिळते. ज्युरीतला साधा माणूस मनाशी म्हणतो, ‘मी असतो तर न केलेला खून कबूल केला असता का? कधीच नाही. मग या पोरांनी केला, म्हणजे केलाच असणार.’ प्रत्येक पायरीवरचा माणूस आधीच्या पायरीवर विश्वास ठेवतो. आणि सगळ्यात खालची पायरी असते एका खोलीतलं, घाबरलेलं पोर.

ज्युरीनं तिघांना दोषी ठरवलं. मधला, वय १५, खुनाचा दोषी. त्याला मुदत न ठरवता स्थानबद्ध ठेवायचा हुकूम झाला. थोरल्याची मानसिक स्थिती लक्षात घेऊन त्याला सदोष मनुष्यवधाचा दोषी धरलं आणि मनोरुग्णालयात पाठवलं, तेही बेमुदत. धाकट्यावर घर जाळल्याचा गुन्हा शाबीत झाला, शिक्षा ४ वर्षं. १९७३ मध्ये अपिलाची परवानगीही नाकारली गेली. कायद्याच्या दृष्टीनं गोष्ट संपली होती.

एका बापाची पत्रं

ती संपली नाही, कारण थोरल्याच्या वडिलांना गणित साधं दिसत होतं : त्या वेळी माझा मुलगा मंडळात होता, तर तो खून करणार कसा? ते मोठे कायदेपंडित नव्हते. त्यांनी एकच काम केलं. पत्रं लिहिली. राणीला, पंतप्रधानांना, गृहखात्याला, ज्याचा पत्ता मिळेल त्याला. बहुतेकांकडून पोच आली, उत्तर आलं नाही. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेनं मात्र ते पत्र गंभीरपणे घेतलं आणि कागदपत्रं डोनाल्ड टिअर या नामवंत न्यायवैद्यक तज्ज्ञांना दाखवली. त्यांनाही मृत्यूची वेळ पटेना. फेब्रुवारी १९७४ च्या निवडणुकीत त्या भागातून ख्रिस्टोफर प्राइस खासदार म्हणून निवडून आले. त्यांनी हे प्रकरण हातात धरलं ते सोडलं नाही. वृत्तपत्रं लिहू लागली, दूरचित्रवाणीवर चर्चा झाली, आणि १९७५ मध्ये गृहमंत्री रॉय जेंकिन्स यांनी खटला अपील न्यायालयाकडे परत पाठवला.

१७ ऑक्टोबर १९७५ ला न्यायमूर्ती स्कारमन यांच्या खंडपीठानं तिघांच्याही शिक्षा रद्द केल्या. कशाच्या जोरावर? नवा साक्षीदार आला नव्हता, खरा गुन्हेगार सापडला नव्हता. टिअर आणि कीथ सिम्पसन यांच्यासारख्या तज्ज्ञांनी तेच सांगितलं, जे पहिल्या रात्री डॉक्टरांनी सांगितलं होतं : मृत्यू संध्याकाळचा आहे, मध्यरात्रीनंतरचा नाही. थोडक्यात, घड्याळ परत जागेवर आणून ठेवलं. ही माहिती पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये होती. ती वाचली जायला साडेतीन वर्षं लागली.

आता इथे टाळ्या वाजवून उठावंसं वाटतं. थांबा. या गोष्टीतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग पुढेच आहे.

चौकशी करणाराही कबुलीतून सुटत नाही

शिक्षा रद्द झाल्यावर सरकारनं उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश सर हेन्री फिशर यांची चौकशीसाठी नेमणूक केली. डिसेंबर १९७७ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. पोलिसांनी नियम कसे मोडले हे त्यांनी बारकाईनं दाखवलं. पालकांशिवाय मुलांची चौकशी झाली, वकिलाशी बोलायचा हक्क आहे हे कुणाला सांगितलं नाही, आणि कबुली मिळाल्यावर तपास तिथेच थांबला. नियम काय आहेत हे पोलिसांना आणि वकिलांनाही पुरतं ठाऊक नव्हतं, असं त्यांच्या लक्षात आलं.

आणि इतकं सगळं लिहून फिशर यांचा निष्कर्ष काय? थोरला खुनाच्या वेळी मंडळात होता हे त्यांनी मान्य केलं. पण शक्याशक्यतेचा तोल पाहता मधला आणि धाकटा खुनात सामील असावेत आणि आग लावण्यात तिघेही असावेत, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे ज्या जबाबांची पद्धत चुकीची होती असं ते स्वतः सांगत होते, त्याच जबाबांतला मजकूर ते सोडायला तयार नव्हते. कबुलीत इतका तपशील आहे, तो मुलांनी आणला कुठून, हा प्रश्न त्यांना सुटत नव्हता. तपशील प्रश्नांतूनच उत्तरात जाऊ शकतो, विचारणारा नकळत सांगत जातो आणि ऐकणारा तेच परत देतो, ही गोष्ट तेव्हा अनुभवी न्यायाधीशालाही पचायला अवघड होती.

तीन मुलं कोर्टानं सोडलेली, आणि सरकारी अहवालानं पुन्हा काळी केलेली. शेजारी-पाजारी काय म्हणत असतील याची कल्पना आपण करू शकतो. आणखी पावणेतीन वर्षं तशीच गेली. पुढं नवी माहिती आली, वैद्यकीय पुरावा परत तपासला, आणि ऑगस्ट १९८० मध्ये ॲटर्नी जनरल सर मायकेल हेवर्स यांनी संसदेत जाहीर केलं की कॉन्फेट यांचा मृत्यू मध्यरात्रीपूर्वीच झाला होता आणि तिघेही निर्दोष आहेत. १९८१ मध्ये तिघांना मिळून ६५,००० पौंड भरपाई मिळाली. कॉन्फेट यांच्या खुनाबद्दल मात्र कुणालाच कधी शिक्षा झाली नाही. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण आपण वापरतो तेव्हा संन्याशाची कीव करतो. चोर सुटला, आणि ज्याचं गेलं त्याला काहीच मिळालं नाही, हा म्हणीतला अर्धा भाग आपण विसरतो.

फिशर अहवालाचा मान मात्र त्यांना द्यायला हवा. त्या मुलांबद्दलचं त्यांचं मत चुकलं, पण पद्धतीबद्दलचं बरोबर होतं. त्याच काळात फौजदारी प्रक्रियेसाठी शाही आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल १९८१ मध्ये आला, आणि त्यातून १९८४ चा ‘पोलीस अँड क्रिमिनल एव्हिडन्स ॲक्ट’ झाला. दडपणाखाली दिलेली किंवा विश्वास ठेवता येणार नाही अशा परिस्थितीत दिलेली कबुली पुराव्यातून वगळायची, हे कायद्यात आलं. वकिलाचा हक्क कायद्यात आला. चौकशीचं ध्वनिमुद्रण आलं. आणि मूल किंवा मानसिकदृष्ट्या दुर्बल व्यक्ती असेल, तर तिच्या बाजूनं बसणारा एक प्रौढ माणूस चौकशीच्या खोलीत हवा, हा नियम पक्का झाला. जो नियम पूर्वी ‘शक्य तोवर’ होता, त्याला आता दात आले.

कायदा झाला, मग सुटला का प्रश्न?

नाही. पण फरक पडला, आणि तो कसा पडला हे बघण्यासारखं आहे.

हा कायदा जानेवारी १९८६ मध्ये लागू झाला. त्याच्या तीनच महिने आधी, ऑक्टोबर १९८५ मध्ये, उत्तर लंडनमधल्या दंगलीत एका पोलीस शिपायाचा खून झाला. त्या तपासात १३ वर्षांच्या एका मुलाला फक्त अंतर्वस्त्र आणि अंगावर एक ब्लँकेट अशा अवस्थेत कोठडीत ठेवून प्रश्न विचारले गेले, आणि त्याच्याकडून कबुली घेतली गेली. न्यायाधीशानं ती फेटाळली.

नंतर वेल्समधल्या कार्डिफ शहरात १९८८ साली एका तरुणीचा खून झाला. एका तरुण संशयितानं ‘मी नाही केलं’ असं ३०० पेक्षा जास्त वेळा सांगितलं. पाच दिवसांत मिळून सुमारे १३ तास त्याच्यावर प्रश्नांचा आणि आरडाओरड्याचा भडिमार झाला. शेवटी त्यानं मान डोलावली. त्याचा वकील शेजारीच बसला होता, गप्प. तिघांना जन्मठेप झाली. पण या वेळी ध्वनिफिती होत्या. १९९२ मध्ये अपील न्यायालयातल्या न्यायाधीशांनी त्या स्वतः ऐकल्या आणि शिक्षा रद्द केल्या. पुढं २००३ मध्ये डीएनएवरून खरा खुनी सापडला. वकील हजर होता, कायदा हजर होता, तरी खोटी कबुली निघाली. मात्र ती कशी निघाली हे ऐकता आलं, म्हणून ती पाडता आली.

मधल्या काळात मानसशास्त्रज्ञही कामाला लागले होते. सूचनेला बळी पडण्याचं प्रमाण माणसागणिक कसं बदलतं हे मोजायची पद्धत लंडनमध्ये गिस्ली गुडजॉनसन यांनी १९८० च्या दशकात तयार केली. अमेरिकेत स्टीव्हन ड्रिझिन आणि रिचर्ड लिओ यांनी २००४ मध्ये खोट्या ठरलेल्या १२५ कबुलीजबाबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या सुमारे ८० टक्के कबुल्या खुनाच्या प्रकरणांतल्या होत्या, आणि जवळपास एक तृतीयांश देणारे १८ वर्षांखालचे होते. चोरीच्या नव्हेत, खुनाच्या! कारण उघड आहे. खुनाच्या तपासावर दडपण सगळ्यात जास्त, म्हणून चौकशी सगळ्यात लांब. आणि लहान वयात उद्याचा तुरुंग दूर दिसतो, आत्ता या खोलीतून सुटून घरी जाणं जवळचं दिसतं. ‘हो म्हण, मग जाशील’ एवढंच वाक्य पुरतं. कधी ते कुणी उच्चारावंही लागत नाही, मूल स्वतःच तसं समजून घेतं.

आपल्याकडे

आता वळू आपल्याकडे. एक गंमत पाहा. इंग्लंडमध्ये पोलिसांसमोरची कबुली स्वेच्छेनं दिलेली असेल तर कोर्टात चालत होती. भारतात मात्र इंग्रजांनीच उलटा कायदा केला. मद्रास इलाख्यात रयतेचा छळ होतो याची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८५५ मध्ये आला. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि मग जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं की पोलीस अधिकाऱ्यासमोरची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही. उन्हात वणवण करून पुरावा शोधण्यापेक्षा सावलीत बसून गरिबाच्या डोळ्यांत तिखट घालणं सोपं पडतं, अशा अर्थाचं एका अधिकाऱ्याचं बोलणं स्टीफन यांनीच पुढं नोंदवून ठेवलंय. वसाहतीतल्या शिपायावर विश्वास नाही, आणि घरच्या ‘बॉबी’वर पूर्ण विश्वास. शंभर वर्षांनी कॅटफर्डनं दाखवलं की धोका शिपायाच्या रंगात नव्हता. तो बंद खोलीत होता.

म्हणजे कागदावर आपला कायदा इंग्लंडच्या पुढे होता. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमात, कलम २३ मध्ये, तो आजही आहे. पण त्यात एक खिडकी पहिल्यापासून ठेवलेली आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढं सांगणं पुराव्यात येतं. जुन्या कायद्यातलं हे प्रसिद्ध कलम २७. ‘आरोपीनं काढून दिलेला’ सुरा किंवा रक्ताचे कपडे, आणि खाली पंचांच्या सह्या, हे वाक्य आपल्या खटल्यांत किती ठिकाणी भेटतं ते वकिलांना विचारा. शिवाय टाडासारख्या आणि महाराष्ट्राच्या १९९९ च्या मोक्का कायद्यानं वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरची कबुली ग्राह्य धरली. दार बंद, खिडक्या उघड्या.

आणि कबुली नसली तरी तीच चूक दुसऱ्या वाटेनं होते. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन परिसरात २००३ मध्ये एका कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला. भटक्या जमातीतल्या सहा जणांना त्यात गोवलं गेलं. एकदा तर सर्वोच्च न्यायालयानंच सहाही जणांना फाशी सुनावली होती. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे नंतर सिद्ध झालं. ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला राज्य सरकारला सांगितलं. का? मुख्य साक्षीदारानं अगदी सुरुवातीला पोलिसांच्या अल्बममधून वेगळ्याच चार माणसांचे फोटो ओळखले होते. त्या चौघांचा तपास झालाच नाही. इथेही ती माहिती पहिल्याच आठवड्यापासून कागदावर होती. कॅटफर्डचं घड्याळ आणि भोकरदनचा अल्बम, दोन्ही समोर असून कुणी पाहिले नाहीत, कारण माणूस आधीच ठरला होता.

मुलांच्या बाबतीत आपला बाल न्याय कायदा, २०१५ स्पष्ट आहे. कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवायचं नाही, तुरुंगात ठेवायचं नाही. त्याच्यावर कबुलीसाठी जबरदस्ती करायची नाही, असं नियमांत लिहिलेलं आहे. पण जजेस रूल्समध्येही सगळं लिहिलेलंच होतं. लिहिलेला नियम त्या खोलीत कोण हजर आहे यावर जिवंत होतो किंवा मरतो. म्हणून तुमच्या ओळखीत, तुमच्या वस्तीत, एखाद्या मुलाला ‘जरा विचारपूस करायची आहे’ म्हणून नेलं, तर पहिली गोष्ट ही करा की त्याच्याबरोबर कुणीतरी मोठं माणूस जाऊ द्या. सहीच्या वेळी नाही, पहिल्या प्रश्नाच्या वेळी.

आणि दुसरी गोष्ट आपल्या सगळ्यांसाठी. उद्या पेपरात बातमी येईल, ‘आरोपीची खुनाची कबुली’. आपण पान उलटतो, गोष्ट संपली असं समजतो. त्या वेळी स्वतःला एवढंच विचारायचं : कबुली सोडून हातात काय आहे? वेळ जुळते का? जागा जुळते का? जुळत नसेल तर त्यांनी काय सरकवलं, कबुली की घड्याळ? लंडनमधल्या त्या वडिलांनी यापेक्षा वेगळा प्रश्न विचारला नव्हता. फक्त त्यांनी तो विचारायचं थांबवलं नाही.